व्हिसा मिळाला, बचत खाते मात्र तसेच राहिले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की आपल्या पुरवणीत परदेशी शिक्षण आणि परदेशी नोकरीच्या जाहिरातींची गर्दी होते. फी नसलेली जर्मन विद्यापीठे, दुबईची हॉटेले, मस्कतची बांधकामे, इंग्लंडची रुग्णालये. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातून माणसे बाहेर जाणे नवीन नाही. पण जाहिरात व्हिसाच्या शिक्क्यापाशी संपते आणि बहुतेक घरांचे लक्षही तिथेच संपते. करसल्ला आणि पासपोर्ट-व्हिसाच्या कागदपत्रांचे काम करणाऱ्यांपुढे येते ते त्यानंतरचे: बंद न झालेले बचत खाते, न कापलेला टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारात भरायचा कर), चुकीच्या सहा महिन्यांत पडलेला पगार.

गल्लत होते याचे कारण साधे आहे. परदेशी गेलेल्या माणसाकडे तीन कायदे तीन नजरांनी पाहतात. व्हिसा देणारा देश त्याचे नाव आणि येण्याचे कारण पाहतो. इथली बँक परकीय चलनाच्या कायद्याने चालते. नोकरीसाठी किंवा बेमुदत बाहेर गेलेला माणूस तिच्या लेखी विमान सुटले त्या दिवसापासून अनिवासी होतो. आयकर खाते मुख्यतः दिवस मोजते. म्हणजे एकच माणूस एकाच तारखेला बँकेत अनिवासी आणि आयकरात निवासी असू शकतो, आणि त्यात बेकायदा काही नाही. घरच्यांना मात्र हे पटत नाही. त्यांच्या लेखी तो गल्लीतलाच पोरगा असतो.

आधी नावाबद्दल, कारण सीमाभागात नावाची दोन वळणे एकाच घरात नांदतात. एसएसएलसीच्या (कर्नाटकच्या दहावीच्या) मार्क्स कार्डावर ‘सुरेश बी. पाटील’, पुढे कोल्हापुरात पदवी घेतली तर तिथे ‘पाटील सुरेश बाळाप्पा’, आधारवर ‘सुरेश बाळाप्पा पाटील’ आणि पॅनवर बाळाप्पाचे ‘बाळप्पा’. पासपोर्टच्या अर्जात नाव आणि आडनाव असे दोन रकाने असतात. घाईत सगळे पहिल्या रकान्यात भरले जाते आणि आडनाव कोरे राहते. इथे कुणाचे काही अडत नाही. अमेरिकेच्या व्हिसावर मात्र ते सगळे नाव आडनावाच्या जागी जाते आणि नावाच्या जागी ‘एफएनयू’ छापून येते, म्हणजे ‘पहिले नाव अज्ञात’. मग लायसन्सपासून बँकेपर्यंत तेच मागे लागते. संयुक्त अरब अमिरातीने तर नोव्हेंबर २०२२ पासून पासपोर्टवर एकच शब्द असलेल्या नावाला व्हिजिट आणि टुरिस्ट व्हिसावर प्रवेश नाकारला. दुसऱ्या पानावर वडिलांचे किंवा घराण्याचे नाव असेल तर चालेल, असे नंतर स्पष्ट झाले. ही दुरुस्ती व्हिसाच्या अर्जाआधी पासपोर्ट पुन्हा काढून करायची असते. नोटरीचे प्रतिज्ञापत्र गावच्या बँकेत खपून जाते, वकिलातीत त्याच्यावर विसंबू नये.

पासपोर्टचा अर्ज २०१८ पासून देशात कुठेही करता येतो. निपाणीकराला कोल्हापूर जवळचे वाटत असेल तर तिथल्या पोस्टातले केंद्र चालते. पोलीस चौकशी मात्र अर्जातल्या पत्त्यावरच येणार. व्हिसाचे तसे नाही. जर्मन वकिलातीचे कार्यक्षेत्र राहत्या पत्त्यावर ठरते. चंदगडचा मुलगा मुंबईकडे जातो आणि तिथून तासाभरावर असलेला बेळगावचा मुलगा बंगळूरकडे. दाखल्यांच्या साक्षांकनाचा नियम आणखी तिसरा. तिथे तुम्ही राहता कुठे हे कुणी विचारत नाही, कागद कुठल्या राज्याने दिला ते पाहतात. दहावी कर्नाटकची आणि पदवी महाराष्ट्राची असेल तर दोन राज्यांच्या दोन वाऱ्या होतात. त्यानंतर परराष्ट्र खात्याचा शिक्का. ओमान आणि सौदीला अपोस्टिल, म्हणजे करारातल्या देशांनी एकमेकांचा मानलेला शिक्का, चालते. अमिरातीला ते पुरत नाही, त्यांच्या दूतावासाचा वेगळा शिक्का लागतो. एजंट ‘सगळे अपोस्टिल करून देतो’ म्हणाला तर कुठल्या देशासाठी, एवढे विचारावे.

आखाताच्या नोकरीबद्दल. दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असते, म्हणजे १८ देशांत कामासाठी जाताना १९८३ च्या कायद्याप्रमाणे देशांतराची परवानगी लागते. आखाती देशांखेरीज मलेशिया, थायलंड, इराक, जॉर्डन हेही त्या यादीत आहेत. परवानगी ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवरून मिळते आणि तिच्यासोबत करारनामा व विमा येतो. विमा १० लाखांचा. हप्ता दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५. परवानाधारक एजंटाला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३० हजार रुपये घेता येतात, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ३५,४००. दीड-दोन लाख मागणारा माणूस वरच्या रकमेची पावती कधीच देत नाही, आणि मागणी खरी की खोटी हे ओळखायला तेवढे पुरे. एजंटाचा परवाना क्रमांक पोर्टलच्या यादीत पाहायला पाच मिनिटे लागतात.

परवानगी चुकवण्याची जुनी वाट म्हणजे व्हिजिट व्हिसावर पाठवणे आणि ‘तिकडे गेल्यावर बदलून घेऊ’ म्हणणे. तसा बदल कधी होतोही. नाही झाला तर अमिरातीत मुदतीनंतरच्या प्रत्येक दिवसाला ५० दिरहम दंड चढतो, हातात करारनामा नसतो आणि विमाही नसतो, कारण सरकारी दप्तरात तो माणूस कामाला गेलेलाच नाही. इंग्लंडच्या ‘केअर व्हिसा’चेही असेच. वृद्धांच्या सेवेसाठी बाहेरून नवी भरती करण्याचा तो मार्ग २२ जुलै २०२५ ला बंद झाला. त्यानंतरही जो कुणी त्या नावाने पैसे मागेल, त्याला त्या तारखेबद्दल विचारावे.

आता बचत खाते. परदेशी नोकरी लागली की बँकेला कळवून ते एनआरओ खात्यात बदलून घ्यावे लागते. शिकायला गेलेल्यांनाही रिझर्व्ह बँक २००३ पासून अनिवासीच धरते, तेव्हा विद्यार्थीही त्यात आले. इथले भाडे, व्याज, शेतीचे बिल असा इथला पैसा एनआरओत यायचा. तिकडून पाठवलेल्या पगारासाठी एनआरई खाते उघडायचे; त्याचे व्याज भारतात करमुक्त असते आणि पैसे केव्हाही परत नेता येतात. एनआरओतूनही पैसे बाहेर नेता येतात, पण आर्थिक वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत आणि कर भरल्याचे कागद दाखवून. ही खाती परवाना असलेल्या बँकेतच उघडतात. गल्लीतल्या सौहार्द (सहकारी) सोसायटीचे व्याज पाव-अर्धा टक्का जास्त असले तरी मस्कतचा पगार तिथल्या ठेवीत घालणे नियमात बसत नाही.

खाते न बदलल्यास लगेच काही बिघडत नाही, आणि म्हणूनच कुणी बदलत नाही. बिघडते ते पुढे, फ्लॅट विकून पैसे बाहेर न्यायचे असतात तेव्हा. आठ वर्षे निवासी म्हणून चाललेल्या खात्यातला कुठला पैसा तिकडून आला आणि कुठला इथलाच होता, हे पासबुकावरून वेगळे काढता येत नाही, आणि सनदी लेखापाल दाखल्यावर सही करायला कचरतो.

दिवसांचा हिशेब सगळ्यात जास्त फसवतो. आर्थिक वर्षात १८२ दिवस किंवा जास्त भारतात राहिलेला माणूस त्या पूर्ण वर्षासाठी निवासी. दुसरी कसोटी ६० दिवसांची आहे: त्या वर्षी ६० दिवस आणि मागच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस. पण नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाला त्या वर्षी ६० च्या जागी १८२ च लागू होतात. एक एप्रिलपासून मोजत गेले की १८२ वा दिवस २९ सप्टेंबरला येतो. येण्याचा आणि जाण्याचा दोन्ही दिवस इथलेच धरावेत. याचा अर्थ २८ सप्टेंबरला उडालेला माणूस अनिवासी, आणि खंडेनवमी घरी करून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात उडालेला त्या वर्षापुरता निवासी.

हा फरक पैशात पाहू. दुबईत महिना १५ हजार दिरहम पगारावर रुजू झालेला अभियंता. ऑक्टोबर ते मार्च हे सहा महिने म्हणजे ९० हजार दिरहम, आपले वीस लाखांच्या वर. तो २८ सप्टेंबरच्या आत गेला असता तर हा पगार भारतीय आयकराच्या कक्षेत आलाच नसता. नंतर गेला तर तो इथल्या पगारात मिळवून विवरणपत्रात दाखवावा लागतो, आणि दुबईत कर नसल्याने वजा घालायला काही नसते. ‘दुहेरी कराचा करार आहे ना?’ आहे, पण अमिरातीशी असलेल्या करारात तिथला रहिवासी ठरायला एका कॅलेंडर वर्षात तिथे १८३ दिवस लागतात, आणि ऑक्टोबरात गेलेल्याचे डिसेंबरअखेर नव्वदच भरतात. कमी पगाराच्या माणसाला निवासी असल्याने १२ लाखांपर्यंतची सूट मिळून कर कदाचित शून्य येईल, पण तिथले बँक खाते विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात लिहावेच लागते. ते न लिहिल्यास काळ्या पैशाच्या २०१५ च्या कायद्यात दहा लाखांचा दंड आहे. ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून एकूण २० लाखांपर्यंतच्या मालमत्तेला त्या दंडातून वगळले आहे. जाण्याची तारीख कंपनी ठरवते हे खरे, पण आठवडाभर इकडेतिकडे करणे बहुधा हातात असते.

पुढच्या वर्षांत सुट्टीवर येणाऱ्याला १८२ दिवसांची मोकळीक कायम राहते. मात्र भारतातले उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तर ती १२० दिवसांवर येते. गणपतीला महिना आणि मे महिन्यात महिना, एवढ्याने काही बिघडत नाही. आईच्या आजारपणात चार-साडेचार महिने राहिलेल्यांनी मोजावे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला, कलमांचे क्रमांक बदलले आणि ‘कर वर्ष’ हा शब्द आला; मोजणी तीच.

आता जी बातमी मथळ्यात वाचून लोक निर्धास्त होतात ती: ‘१२ लाखांपर्यंत कर नाही’. ही सूट निवासी माणसाची आहे. अनिवासीला ती नाही. त्याची करमुक्त मर्यादा नव्या पद्धतीत ४ लाखच. वजावटी जाऊन इथले उत्पन्न ७ लाख राहिले तर निवासी भावाला शून्य आणि अनिवासी भावाला उपकरासह १५,६०० रुपये. तसेच ‘माझ्या व्याजावर कर कापू नका’ असे बँकेला सांगणारा फॉर्म (पूर्वीचे १५जी, १५एच) अनिवासीला भरता येत नाही. एनआरओच्या व्याजावर बँक सरळ ३१.२ टक्के कापते. १० लाखांच्या ठेवीवर सात टक्क्यांनी ७० हजार व्याज झाले की २१,८४० रुपये गेले. इथे दुसरे उत्पन्न नसेल तर ते सगळे परत मिळतात, पण विवरणपत्र भरले तरच (नेहमीची मुदत ३१ जुलै), आणि तेही आयटीआर-२. सोपा म्हणून लोक भरतात तो आयटीआर-१ अनिवासीसाठी नाहीच.

भाड्याबद्दल तर भाडेकरूलाही ठाऊक नसते. टिळकवाडीतल्या फ्लॅटचा मालक परदेशी असेल तर भाडे कितीही असो, भाडेकरूने ३१.२ टक्के कापून सरकारात भरायचे असतात. १५ हजारांच्या भाड्यात ४,६८०. भाडे वडिलांच्या हातात दिले म्हणून मालक बदलत नाही. याच जोडीला पॅन पाहावे. आधारशी न जोडलेले पॅन १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय झाले. अनिवासींना जोडणीतून सूट आहे, पण आयकर पोर्टलवर त्यांची नोंद ‘निवासी’ अशीच राहिली असेल तर यंत्राला ते कळत नाही, पॅन निष्क्रिय दिसते आणि कपात वाढते. पोर्टलवर स्थिती बदलून पासपोर्टची प्रत आपल्या आयकर अधिकाऱ्याकडे द्यावी लागते.

आणखी एक अगदी घरगुती चूक. नवरा मस्कतला, बायको गावात. तो पैसे पाठवतो आणि ती स्वतःच्या नावे एफडी करते. व्याज तिच्या पॅनवर दिसते, म्हणून तिच्या उत्पन्नात धरले जाते. कायद्यात मात्र नवऱ्याने दिलेल्या पैशावरचे व्याज नवऱ्याचेच, आणि तो अनिवासी असल्याने १२ लाखांची सूट नाही. हेच पैसे त्याने आई-वडिलांना दिले तर तसे होत नाही: रक्कम करमुक्त, व्याज त्यांचे. आणि त्याच्याच एनआरई ठेवीत राहिले असते तर व्याजावर इथे करच नव्हता. इतके साधे उत्तर समोर असताना बायकोच्या नावाची एफडी का करतात, याला ‘सासऱ्यांनी सांगितले’ यापलीकडे कारण सापडत नाही.

विक्रीत आकडे मोठे होतात. समजा अनिवासी माणसाने २५ लाखांना घेतलेला फ्लॅट काही वर्षांनी ४५ लाखांना विकला. खरेदीदार म्हणतो, ५० लाखांच्या आत आहे, टीडीएस लागत नाही. तो नियम निवासी विक्रेत्याचा. अनिवासीच्या बाबतीत अशी मर्यादा नाही, आणि कापले नाही तर वसुली खरेदीदाराकडून होते. २० लाखांच्या नफ्यावर १२.५ टक्के आणि उपकर मिळून २ लाख ६० हजार एवढाच खरा कर. पण नफा किती हे खरेदीदार स्वतः ठरवायला धजत नाही, आणि पूर्ण ४५ लाखांवर १३ टक्के कापले तर ५ लाख ८५ हजार जातात. मधले सव्वातीन लाख परताव्याची वाट पाहत अडकतात. त्यासाठी आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला आधी घ्यायचा असतो. संचकार (इसार) होण्यापूर्वीच अर्ज करावा आणि महिना-दीड महिना हाताशी धरावा. निवासींना २३ जुलै २०२४ पूर्वीच्या खरेदीवर महागाई निर्देशांकाचा जो जुना पर्याय आहे तो अनिवासीला नाही. मुखत्यारपत्र तिकडून येणार असेल तर ते भारतीय दूतावासात किंवा तिथल्या नोटरीसमोर झालेले असावे, आणि कर्नाटकात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत जिल्हा निबंधकाकडे त्यावर मुद्रांक लागला पाहिजे. कपाटात ठेवलेले मुखत्यारपत्र सब-रजिस्ट्रारसमोर नेमके चौथ्या महिन्यात बाहेर येते.

शेतजमिनीबद्दल या भागात एक खास गैरसमज आहे. कर्नाटकाने २०२० मध्ये जमीन सुधारणा कायद्यातली ७९ए आणि ७९बी ही कलमे काढली आणि बिगरशेतकऱ्यालाही शेती घेता येऊ लागली. महाराष्ट्रात घेणारा शेतकरी असण्याची अट अजून आहे. त्यावरून ‘आता दुबईतूनही खानापूरला शेत घेता येते’ असे बोलले जाते. राज्याचा दरवाजा उघडला, केंद्राचा नाही. अनिवासी भारतीयाला शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेण्यास परकीय चलनाच्या कायद्याने मनाई आहे. दंड व्यवहाराच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो. दस्त नोंदवताना हे बहुधा कुणी विचारत नाही, उताऱ्यावर नावही चढते, आणि म्हणून लोकांना तो व्यवहार पक्का वाटतो. परदेशी जाण्यापूर्वी घेतलेली जमीन ठेवता येते, वारसाने आलेली घेता येते. वडिलांनी हयातीत बक्षीसपत्र केले तर मात्र ते शेतजमिनीला चालत नाही. म्हणून मुलगा बाहेर असेल तर मृत्युपत्र बरे. ती जमीन पुढे विकायची झाली तर घेणारा भारतात राहणारा भारतीय नागरिकच लागतो.

गोव्याशी नाळ असलेल्या काही घरांत पोर्तुगीज नागरिकत्वाचा विषय निघतो. परके नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारतीय नागरिकत्व त्याच दिवशी संपते. पासपोर्ट जमा करावा लागतो, मतदार यादीतले नाव काढावे लागते. परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारे ओसीआय कार्ड म्हणजे दुहेरी नागरिकत्व नव्हे. त्यावर मतदान नाही आणि शेतजमिनीची खरेदीही नाही.

विद्यार्थ्यांकडे वळतो. जर्मनीसाठी १ नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र (शिक्षणाचे दाखले तपासल्याचे) लागते, शुल्क १८ हजार रुपये, आणि वर सांगितलेला नावाचा घोळ पहिल्यांदा तिथेच अडतो. मग ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे तिथल्या राहण्याच्या खर्चाचे आधीच भरून ठेवायचे खाते: सध्या वर्षाला ११,९०४ युरो, महिन्याला ९९२ प्रमाणे सुटणारे. युरो शंभरीपार गेल्यापासून ही रक्कम बारा लाखांच्या आसपास जाते. पाठवणाऱ्याच्या पॅनवर आर्थिक वर्षात १० लाखांपुढच्या रकमेवर बँक टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच वसूल केलेला कर, घेते. शिक्षणासाठी दर कमी आहे, पण बँकेच्या फॉर्मवर हेतूचा कोड ‘नातेवाइकाचा सांभाळ’ किंवा ‘भेट’ असा पडला तर २० टक्के. वरच्या दोन लाखांवर ४० हजार. शैक्षणिक कर्जातून पैसे गेले तर टीसीएस नाही, पण कर्ज बँकेचे किंवा अधिसूचित वित्तसंस्थेचे असायला हवे. सोसायटीचे कर्ज त्यात बसत नाही.

कापलेला टीसीएस हा खर्च नसतो, आगाऊ भरलेला कर असतो. पैसे वडिलांच्या खात्यातून गेले तर तो वडिलांच्या पॅनवर जमा होतो. चिकोडीकडच्या ऊस पिकवणाऱ्या वडिलांना विवरणपत्र भरायची सवय नसते, कारण शेतीचे उत्पन्न करमुक्त. मग ती रक्कम तशीच पडून राहते. एक विवरणपत्र भरले की परत येते. मुलालाही हा मुद्दा लागू होतो: ऑगस्टमध्ये शिकायला गेलेला मुलगा नोकरीसाठी गेलेला नसल्याने ६० दिवसांच्या कसोटीने त्या वर्षी निवासीच ठरतो, आणि त्याच्या नावाचे जर्मन खाते ही परदेशी मालमत्ता. उत्पन्न शून्य असले तरी विवरणपत्र लागते.

तिकडच्या करांचे थोडक्यात. अमेरिकेत विद्यार्थ्याने उत्पन्न नसले तरी फॉर्म ८८४३ द्यायचा असतो. नोकरीवर गेल्यावर तिथला कर-रहिवासी झाला की जगभरचे उत्पन्न दाखवावे लागते: इथे करमुक्त असलेले एनआरईचे व्याज आणि वारसाने नाव लागलेल्या जमिनीचे ऊसबिलही. अमेरिकेबाहेरच्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एक दिवस जरी १० हजार डॉलरच्या वर गेली तर एफबीएआर, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती तिथल्या सरकारला देणारा फॉर्म, भरायचा. आईने सोयीसाठी एफडीत दुसरे नाव मुलाचे घातले असेल, तर ती एफडीही त्या बेरजेत येते. तिला हे कुणी सांगितलेले नसते, आणि मुलाला त्या एफडीचा पत्ता नसतो. इंग्लंडने ६ एप्रिल २०२५ पासून नव्याने आलेल्यांना बाहेरच्या उत्पन्नावर चार वर्षांची सूट दिली, पण ती विवरणपत्रात मागावी लागते आणि मागितली की तिथली वैयक्तिक करमुक्त मर्यादा जाते. ओमानमध्ये २०२८ पासून ४२ हजार रियालपुढच्या उत्पन्नावर ५ टक्के कर येतो आहे. बांधकामावरच्या माणसाला त्याची झळ नाही.

कायमचे परत येणाऱ्यांसाठी एकच गोष्ट. एनआरईच्या व्याजाची करमाफी परकीय चलनाच्या कायद्यावर टांगलेली आहे, दिवसांच्या मोजणीवर नाही. फेब्रुवारीत नोकरी सोडून घरी आलेला माणूस त्या वर्षी आयकरात अनिवासीच राहील, तरी उतरल्या दिवसापासूनचे व्याज करपात्र. ठेव मुदत संपेपर्यंत तशीच ठेवली तर बँक कर कापत नाही, आणि दोन वर्षांनी नोटीस आली की लोक बँकेला दोष देतात. बँकेला तुम्ही आल्याचे कळवलेच नव्हते.

या सगळ्याला पुरावा लागतो तो तारखांचा. पूर्वी पासपोर्टवरचे शिक्के पुरत. आता दुबईच्या ई-गेटमधून जाताना शिक्का बसत नाही, आणि बोर्डिंग पास खिशातच विरतो. दुधाचा खाडा ज्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितो, त्याच्यावरच मुलगा गेला कधी आणि आला कधी हे लिहून ती पाने वर्षाअखेरीस फाईलला लावावीत. आपले वर्तमानपत्र दरवर्षी दिनदर्शिका काढत असेल, तर विनंती एवढीच: सप्टेंबरच्या पानावर २८ तारखेखाली आणि जुलैच्या पानावर ३१ तारखेखाली एकेक ओळ छापावी. बँकांच्या पाट्या कन्नड आणि इंग्रजीत असतात. घरी राहिलेले आई-वडील मराठी वाचतात.

कळावे,
करसल्ला व पासपोर्ट-व्हिसाचे काम करणारे दोन वाचक,
टिळकवाडी, बेळगाव